मोटरमनला काय सांगायचं

"ओ मेस्त्री, सगळे कच्चेच भरताय. चटणी करायचीय काय?" भाजीवाली मालन हसत म्हणाली, आणि चंद्रप्रकाशचा हात ढिगावरच थांबला. भटवाडीच्या नाक्यावर अजून लख्ख ऊन होतं. त्याने हातातला टोमॅटो फिरवून पाहिला. देठ, देठाजवळचा खळगा, कातडीवरची चमक, सगळं स्वच्छ दिसत होतं. फक्त तो कच्चा आहे हे दिसत नव्हतं. पिकलेल्यांचा ढीग शेजारीच होता आणि दोन्ही ढीग त्याला एकाच मातकट रंगाचे दिसत होते, चहा सांडून वाळलेल्या फडक्यासारखे. "हो, चटणीच," तो म्हणाला. पिशवी घेऊन तो रस्ता ओलांडायला उभा राहिला. समोरच्या सिग्नलचा वरचा दिवा लागला होता. वरचा म्हणजे लाल, हे त्याला माहीत होतं. आयुष्यभर माहीत असणं आणि दिसणं ही एकच गोष्ट होती, आज त्यांच्यात फट पडली होती आणि त्या फटीत तो पिशवी घेऊन उभा होता. माणसं चालायला लागली तेव्हा तो त्यांच्या मागून चालायला लागला. मोटरमन माणूस, हजारोंना पाठीमागे घेऊन सिग्नल बघत गाडी नेणारा, रस्ता ओलांडायला एका शाळकरी पोरीच्या दप्तराकडे बघत चालला.

तो घरी गेला नाही. पिशवीसकट सरळ दवाखान्यात गेला. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्याच्या मानेत गाठ आली होती, ती टीबीची निघाली, तेव्हापासून तो रजेवर होता. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, या औषधांतली एक गोळी क्वचित कुणाच्या डोळ्यांवर जाते, रंग फिके वाटले तर त्याच दिवशी यायचं. तो त्याच दिवशी आला होता. डॉक्टरांनीही त्याच दिवशी ती गोळी बंद केली. "बहुतेकांची नजर परत येते," ते म्हणाले. "बहुतेकांची म्हणजे?" त्याने विचारलं. "वाट बघू," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी टेबलावरच्या त्या टोमॅटोंच्या पिशवीकडे असं काही पाहिलं, की त्याला तीच कुणीतरी तपासायला आणली आहे असं वाटलं. नंतर अनेक महिने तो हेच उगाळत राहिला. कुणाची चूक झाली होती? त्याने लपवलं नव्हतं. डॉक्टरांनी हयगय केली नव्हती. गोळीने तिचं काम केलं होतं. गाठ विरली, भूक परत आली, सदरे पुन्हा अंगाला नीट बसायला लागले. रंग मात्र आले नाहीत. रागवायचं तर कुणावर, हेच त्याला सापडत नव्हतं, आणि राग असा न सापडलेल्या जागी खाजेसारखा फिरत राहायचा.

घरात बसून तो रंगांची वाट बघायचा. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे कपडे दिसायचे, त्यांतला निळा निळाच होता, पिवळाही बराचसा पिवळा. लाल आणि हिरवा, ही दोनच माणसं घर सोडून गेली होती. श्रुतिका बारावीत होती. तिने सुरुवातीला त्याचा खेळ केला. "बाबा, ही ओढणी कुठल्या रंगाची? आणि ही?" तो ओढणीकडे न बघता तिच्या चेहऱ्याकडे बघून सांगायचा. चुकला तर तिच्या भुवया जरा वर जायच्या, मग तो उत्तर बदलायचा. एकदा तिच्या ते लक्षात आलं. ती ओढण्यांच्या घड्या घालत राहिली, खूप वेळ, आणि खेळ संपला. त्याची बायको प्रेमा म्हणायची, "जीव वाचलो ना? मगे. रंगांचा काय करूचा हा?" तिचं खरंच होतं. सगळेच तसं म्हणत. तो मान डोलवायचा, आणि त्याचा उजवा तळवा खुर्चीच्या हातावर दाबलेला असायचा. गाडीच्या केबिनमध्ये एक मूठ सतत दाबून धरावी लागते. मोटरमनला काही झालं, हात सुटला, तर गाडी आपोआप थांबते. इतकी वर्षं त्याने ती दाबून धरली होती. आता बसल्या जागी हात आपणहून दाबायचा. जणू हात उचलला तर घर थांबेल.

रेल्वेच्या हॉस्पिटलात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्यापुढे ठिपक्यांची चित्रं धरली. ठिपक्यांत आकडे लपलेले असतात, हे तो नोकरीला लागल्यापासून दर तपासणीला ओळखत आला होता. पूर्वी आकडा असा वर यायचा, पाण्यातून मासा यावा तसा. आता नुसतं पाणी. "मॅडम, मला जागेवरून कळतं," तो म्हणाला. "आमच्या सिग्नलला लाल खाली असतो, हिरवा वर. कुठला दिवा लागलाय ते दिसतं ना मला."

"दिवसा," त्या म्हणाल्या. "अंधारात सिग्नलचा खांब दिसतो का तुम्हाला लांबून?"

"नाही."

"मग काय दिसतं?"

"ठिपका."

"एकच ठिपका. वरचा की खालचा, ते कशावरून ठरवणार? तुमच्या गाडीत मी बसलेली असेन, मेस्त्री. तुम्हीच सांगा, सही करू?"

त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्या मात्र खाली बघून हळूच अनफिटच्या कागदावर सही करत होत्या, आणि त्याला त्यांचीच दया आली.

अशा माणसाला रेल्वेत डिकॅट म्हणतात. गाडी काढून घेतात, नोकरी ठेवतात, दुसरं काम देतात. चंद्रप्रकाशला स्टेशनवरचं काम मिळालं आणि त्यासाठी आधी ट्रेनिंग. ट्रेनिंग स्कूलच्या वर्गात तो मागच्या बाकावर बसला. वर्गात नव्याने भरती झालेली पोरंपोरी होती, श्रुतिकापेक्षा थोडीच मोठी. ती त्याला काका म्हणत. त्याला वाटलं होतं, अपमान वाटेल. अपमान वाटला नाही, नुसतं सगळं उलटं वाटलं. इतकी वर्षं स्टेशन म्हणजे समोरून येणारी आणि मागे जाणारी गोष्ट. फलाट सुरू होतो, माणसांची एक पट्टी सरकते, थांबते, पुन्हा सरकते, आणि मागे जाते. मागे गेलेल्या स्टेशनात पुढे काय होतं, याचा विचार मोटरमन करत नाही. त्याच्यापुढे रूळ असतात. केबिनमध्ये तो एकटा असतो, काचेपलीकडचं सगळं जग त्याच्याकडे येत असतं, त्यातलं काहीच त्याच्याकडे थांबत नाही. आता त्याला शिकवत होते ते मागे राहिलेल्यांचं काम. घोषणा कशी करायची, पोर हरवलं तर काय करायचं, फलाटावर कुणाला चक्कर आली तर कुठे फोन करायचा. माइकपुढे उभं केलं तेव्हा त्याचा आवाज फुटेना. "काका, जरा जोरात ना," पुढच्या बाकावरची रेवती म्हणाली, "प्रवासी पळून जातील अशाने." सगळे हसले, तोही हसला. केबिनमध्ये बोलायला कुणी नसतं. आपला आवाज इतका लहान आहे हे त्याला आजवर कळलंच नव्हतं.

शिकवायला शुभा मॅडम होत्या. पूर्वी स्वतः स्टेशनवर काम केलेल्या, गोल चेहऱ्याच्या, घाईने बोलणाऱ्या. त्या दिवशी त्या गाडीखाली कुणी आलं तर स्टेशनने काय करायचं ते सांगत होत्या. कुणाला कळवायचं, स्ट्रेचर घेऊन कोण जाणार, गर्दी कशी मागे हटवायची. पोरं लिहून घेत होती. चंद्रप्रकाश ऐकत होता आणि ऐकतही नव्हता. खिडकीबाहेर एक माणूस नळीने झाडांना पाणी घालत होता, पानं कुठली आणि माती कुठली हे पाणी पडलं की कळायचं, माती काळी व्हायची. तेवढ्यात शुभा मॅडम म्हणाल्या, "आता एक गोष्ट पुस्तकात नाहीये, पण लक्षात ठेवा. मोटरमनला काय सांगायचं? तो विचारतोच. केबिनमधून तोंड काढून पहिलं हेच विचारतो, वाचला का? तर त्याला सांगायचं, वाचला. हॉस्पिटलात नेतोय, तू गाडी काढ."

"पण वाचला नसेल तर?" रेवतीने विचारलं.

"तरी."

"म्हणजे खोटं सांगायचं, मॅडम?"

"खोटं काय त्यात? तेव्हा आपल्याला तरी कुठे माहीत असतं पुढे काय होणार ते? अगं, त्याला पुढे गाडी न्यायचीय. मागे एवढी माणसं बसलीत. त्याचा हात थरथरायला लागला तर काय करशील? माझे पहिले साहेब होते कर्णिक, त्यांनी शिकवलं मला हे. म्हणायचे, डोळ्यांत बघून सांगायचं. खाली बघितलंत की मोटरमनला कळतं." मग त्यांना एकदम आठवलं, आणि त्या मागच्या बाकाकडे बघून खुलून म्हणाल्या, "हे बघा, आपल्याकडे मेस्त्री साहेबच आहेत की. साहेब, तुम्ही सांगा पोरांना. असं ऐकलं की बरं वाटायचं ना?"

सगळ्या माना वळल्या. चंद्रप्रकाशने तळवा बाकावर दाबला. "हो," तो म्हणाला. "बरं वाटायचं."

कर्णिक. नंदकिशोर कर्णिक. मोटरमन होऊन चंद्रप्रकाशला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, भर दुपारी, गाडी फलाटात शिरत असताना एक बाई फलाटाच्या टोकाकडून रुळांत उतरली होती. हातात कापडी पिशवी होती. त्याने भोंगा वाजवला, ब्रेक मारला, आणि गाडी थांबत नाही, ती नुसती थांबायला लागते, हे त्याला त्या क्षणी अंगभर कळलं. बाईने त्याच्याकडे पाहिलं. ती घाबरलेली नव्हती. कुणीतरी आपलं नाव घेतलं असं वाटून माणूस बघतो, तशी तिने मान वर केली. मग ती काचेच्या खालच्या कडेखाली गेली. गाडी थांबल्यावर तो उतरू शकला नाही. फलाटावरून पांढऱ्या सदऱ्यातला एक अधिकारी पळत आला, तेच कर्णिक. "वाचली का?" त्याने विचारलं. कर्णिकांनी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "वाचली. पायाला लागलंय. नेतोय आम्ही. तू गाडी काढ." आणि त्याने गाडी काढली. त्यानंतरही त्याच्या गाडीखाली माणसं आली, कुठल्या मोटरमनच्या येत नाहीत? त्यांतली काही गेली हे त्याने स्वतःच पाहिलं होतं, विचारायची गरजच पडली नव्हती. पण ही एक वाचली होती. प्रत्येक वेळी, घरी येऊन आंघोळ करून जेवायला बसल्यावर, घास उचलण्याआधी तो तिला आठवायचा. ती वाचली होती. कुठेतरी लंगडत का होईना ती बाजारात जात होती, कुणाशी भांडत होती, चहा पीत होती. तिच्या जोरावर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा केबिनमध्ये चढायचा. तिची साडी पोपटी होती असं त्याने प्रेमाला सांगितलं होतं. आता वर्गात बसून तो ती साडी आठवू बघत होता, तर आठवणीतही तिला मातकट रंग आला होता.

शुभा मॅडम पुढे शिकवत होत्या. कर्णिकांनी तेव्हा खरं सांगितलं असेल. वाचलेल्या माणसालाही वाचला असंच म्हणतात, दुसरं काय म्हणणार? वाक्य एकच, खरं असलं तरी तेच आणि खोटं असलं तरी तेच. अंधारातला ठिपका. तो वरचा की खालचा, हे सांगणारा खांब कुठे होता?

घरी त्याने प्रेमाला सांगितलं, की कर्णिक साहेब मुलुंडला राहतात, त्यांना भेटून येणार आहे. स्टेशनचं काम शिकतोय तर जुन्या माणसाला विचारलेलं बरं. एवढंच. पण प्रेमाला कर्णिक हे नाव पाठ होतं. त्या अपघाताच्या वेळी श्रुतिका तिच्या पोटात होती. गाडीखाली आलेली बाई वाचली, मग आपलंही सगळं नीट होणार, असं तिने तेव्हा मनाशी धरलं होतं, आणि सगळं नीट झालं होतं. तेव्हापासून दरवर्षी गावी गेली की देवळात ती एक नारळ त्या बाईचा म्हणून ठेवायची. सासरे धाकू मेस्त्री हयात असताना हसायचे, गिरणीत जन्म काढलेला माणूस, म्हणायचे, ओळख ना पाळख आणि नारळ कसला. ती ऐकायची नाही. "कर्णिकांक भेटतास तर त्या बायचा पण इचारा हां," ती आता कांदा चिरता चिरता म्हणाली. "खय असता आता ती, काय करता. एवढी वर्सा झाली, आपण कधी इचारलाच नाय." तो चपला शोधत राहिला. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की मोटरमनला असंच सांगतात? मग तिच्या त्या सगळ्या नारळांचं काय? आणि मनाच्या कुठल्यातरी तळात अजून एक गोष्ट होती, ती त्याला स्वतःलाही नीट उच्चारता येत नव्हती. मुलगी त्या बाईच्या वाचण्यावर वाढली होती.

कर्णिकांचा फ्लॅट मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर होता, बाल्कनीत कुंड्या, भिंतीला लावलेलं कॅरमबोर्ड. दार त्यांच्या पत्नीने, सुगंधाबाईंनी उघडलं. कर्णिक म्हातारे झाले होते पण ताठ होते, ओळख पटायला त्यांना थोडा वेळ लागला. "मोटरमन मेस्त्री! अरे, ये ये. सुगंधा, चहा टाक गं." त्यांनी डोळ्यांचं ऐकलं, "वाईट झालं रे," म्हणाले, "पण जीव वाचला ना?" तो मान डोलवत राहिला. मग त्यांनी स्टेशनच्या गोष्टी काढल्या, कोण कुठे निवृत्त झालं, कोण गेलं. शुभाचं नाव ऐकून ते खूश झाले. "हुशार पोरगी. माझ्या हाताखाली होती." चहा आला, खारी आली. चंद्रप्रकाशने खारी मोडली, तिचे पापुद्रे सदऱ्यावर पडले, ते तो एकेक करून वेचत बसला.

"साहेब, एक विचारायचं होतं. माझ्या गाडीखाली एक बाई आली होती. फार वर्षं झाली. फलाटाच्या टोकाला. तुम्ही ड्युटीवर होतात. हातात कापडी पिशवी होती तिच्या."

कर्णिकांनी आठवून पाहिलं. खरोखर प्रयत्न केला त्यांनी, डोळे बारीक केले, ओठ हलवले. "पिशवी," ते म्हणाले. "नाही रे. किती झाले असे. एकेक आठवत बसलो असतो तर मी घरी जेवलो नसतो कधी."

"तुम्ही मला म्हणालात, वाचली."

"म्हणालो असेन."

"म्हणून विचारतो."

सुगंधाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. कर्णिक त्याच्याकडे बघत राहिले. त्याचा तळवा टेबलाच्या कडेवर दाबलेला होता आणि कपातला चहा थरथरत होता, ते त्यांनी पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला, बाजूला ठेवला, आणि पुढे वाकून सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"थांब, थांब. आठवलं," ते म्हणाले. "पायाला लागलं होतं तिच्या. हां. वाचली ती, मेस्त्री."

किती चांगला चेहरा होता त्यांचा. चंद्रप्रकाशने त्या चेहऱ्यावर शोधलं, भुवया, ओठांचे कोपरे, श्रुतिकाच्या चेहऱ्यावर शोधायचा तसं, आणि तिथे काहीच हललं नाही. खरं आठवलं असतं तरी म्हातारा असाच दिसला असता. आता पुन्हा विचारलं तर ते पुन्हा तेच सांगतील, आणखी प्रेमाने सांगतील. जगात हे सांगू शकणारा हा एकच माणूस होता आणि त्याने सांगून टाकलं होतं. "बरं झालं," चंद्रप्रकाश म्हणाला. त्याने चहा संपवला. निघताना कर्णिक दारापर्यंत आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "येत जा रे अधूनमधून. आणि स्टेशनचं काम वाईट नाही हां. सवय होते."

खाली उतरून तो गेटपाशी पोचला तोच फोन वाजला. प्रेमा होती. मागे कुकरची शिटी होत होती, श्रुतिका काहीतरी मोठ्याने वाचत होती. "भेटले काय?"

"भेटले."

"बायचा काय कळला?"

रस्त्यावर ऊन होतं. एक माणूस दुकानापुढे पाणी मारत होता. फोनवर डोळ्यांत बघावं लागत नाही, हे चंद्रप्रकाशच्या लक्षात आलं, आणि मग आपला आवाज त्याला ऐकू आला, स्पष्ट, पुरेसा मोठा, वर्गात एकदाही निघाला नव्हता असा. "वाचली होती. पाय जरा अधू राहिला. आता मुलाकडे असते, नाशिकला."

"देवाक काळजी," प्रेमा म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "आणि नाव? नाव काय तिचा? आता नारळ नाव घेवन ठेवूक येतलो."

पाणी मारणारा माणूस नळी गुंडाळत होता.

"सांगा ना. इचारलास नाय?"

"शकु," तो म्हणाला.

"शकु," प्रेमाने म्हणून पाहिलं. मग फोन न ठेवताच तिने आत हाक मारली, "गो श्रुतिका, आयकलंस? शकु नाव तिचा." वाचण्याचा आवाज थांबला. श्रुतिकाने काहीतरी विचारलं, प्रेमा सांगू लागली, नाशिक, मुलगा, पाय. फोन कानाला तसाच धरून तो उन्हात उभा राहिला. घरातल्या खोल्यांतून ते नाव पुढे पुढे जाताना त्याला ऐकू येत होतं.